चाकावरची खूण

"हे टायर नवे हाईत म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला?" बसूअण्णांनी विचारलं.

ते मोटरसायकलच्या पुढच्या चाकापाशी उकिडवे बसून टायरच्या कडेवर अंगठा फिरवत होते. मी आणि माझी बायको मृणाल त्यांच्या मागे उभे होतो. कोल्हापुरात उद्यमनगरमध्ये, दोन लेथवाल्यांच्या मधल्या बोळात त्यांचं टायरचं दुकान होतं. आम्ही तिथं पहिल्यांदाच आलो होतो.

"ज्यांच्याकडून गाडी घेतली त्यांनी," मी म्हणालो. "आणि नवेच दिसतायत की. नक्षी बघा किती खोल आहे."

"नक्षी हाय, पर रबर गेलं. वहिनी, हितले चार आकडे वाचा बघू."

मृणालने वाकून वाचले. "तीन, दोन, शून्य, नऊ."

"बत्तिसावा आठवडा, साल दोन हजार नऊ. नऊ वर्सं होत आली. गाडी शेडात उभी ऱ्हायली, टायर झिजलं न्हाई, पर वाळलं. कोरड्यात धरंल, ओल्यात दगा देनार."

झालं सुरू, असं मी मनात म्हटलं. न्हाव्याला विचारलं तर तो केस वाढलेत असंच सांगणार. टायरला जन्मपत्रिका असते हे मी तोवर ऐकलं नव्हतं. मी बाजूला होऊन फोनवर शोधलं, तर त्या चार आकड्यांचा अर्थ अण्णा म्हणाले तोच निघाला. एखाद्याचं समाधान झालं असतं. मला वाटलं, हा माणूस मुरलेला आहे. आधी लहान गोष्टीत खरं बोलून मोठ्या गोष्टीत हात मारणार.

माझा स्वभाव असा का, तेही सांगितलं पाहिजे. मी एका साखर कारखान्यात स्टोअरकीपर होतो. नवं बेअरिंग स्टोअरमधून जायचं आणि संध्याकाळी 'खराब निघालं' म्हणून भलतंच जुनं परत यायचं. असं दोनदा झाल्यावर मी प्रत्येक सुट्या भागावर गुपचूप खूण करायला लागलो. टोकदार पंचाने ठोकून एक बारीक टिंब, कुठे ते फक्त मला ठाऊक. त्या टिंबांवर मी चार माणसं पकडली आणि माझं नाव झालं. मग ती सवय घरी आली. दुरुस्तीला दिलेल्या मिक्सरच्या तळाला खूण, शिंप्याकडे दिलेल्या कापडाच्या काठाला खूण. मृणाल आधी हसायची. नंतर ती हसेनाशी झाली, पण ते माझ्या ध्यानात आलं नाही.

गाडी मृणालची होती. ती मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. स्वतःच्या हिमतीवर तिने ही वापरलेली साडेसहाशे सीसीची, लांब पल्ल्याची उंच गाडी घेतली होती. जूनमध्ये पुण्याच्या दोन मैत्रिणींबरोबर तिला हिमाचलातल्या स्पितीला जायचं होतं. मी नको म्हटलं नव्हतं. फक्त त्या दोघी खरोखरच मैत्रिणी आहेत ना, हे त्यांचे फोटो शोधून दोनदा पडताळून पाहिलं होतं.

"रस्ता कसा हाय?" अण्णांनी तिला विचारलं.

"मनालीपर्यंत डांबरी. पुढे खडी, माती, थोडे नाले."

"म्हंजे शंभरातलं ऐंशी डांबरच." त्यांनी दोन टायर ओढून समोर ठेवले. एकाला मोठाल्या चौकोनी गुठळ्या होत्या, दुसऱ्याची नक्षी मध्यम.

मी गुठळ्यांच्या टायरवर हात ठेवला. "हाच टाका. डोंगराचा रस्ता आहे."

"साहेब, हे चिखलाला झकास. पर डांबरी घाटात गाडी कलली की ह्या गुठळ्या लचकत्यात. वहिनी सामान घेऊन जानार. त्यास्नी हे मधलं द्या. किमतीलाबी कमी हाय."

दुकानदार आपणहून स्वस्त माल पुढं करतो म्हणजे मालात काहीतरी खोट असणार, असं माझं गणित. मी तो टायर उलटापालटा करून पाहिला, चार आकडे वाचले, वास घेतला. काही सापडलं नाही, म्हणून संशय आणखी वाढला. मृणालने मात्र "हेच बसवा" म्हणून सांगून टाकलं.

दुकानाच्या दुसऱ्या बाजूला अण्णांची बायको राजाक्का जॅकेटं, हातमोजे, हेल्मेटं विकायची. गाडीबरोबर आम्हाला एक जॅकेट फुकट मिळालं होतं. राजाक्काने त्याचं कोपर चिमटीत दाबून पाहिलं.

"ह्यात गादीचा स्पंज भरलाय, वहिनी. पावसात भिजंल एवढंच."

तिने दुसरं जॅकेट दिलं आणि मृणालला गाडीवर बसवून हात हँडलला धरायला लावले. मग कोपरावरचं कवच दोन्ही हातांनी फिरवून पाहिलं. ते सरकलं. तिने एक माप लहान दिलं. ते सरकलं नाही. हेल्मेटचं तर मोठं प्रकरण झालं. हनुवटीपाशी धरून तिने हेल्मेट डावीउजवीकडे हिसडलं.

"हेल्मेट हललं तर मान हलली पायजे. एकटं हेल्मेट हलायचं न्हाई. आता अर्धा तास असंच घालून बसा. गाल दाबले तर चालंल. कपाळाला टोचलं तर सांगा, दुसरं देते."

अर्धा तास बसवून ठेवायचं म्हणजे गिऱ्हाईक आणखी चार वस्तू घेणार, हे मी ओळखलं. मृणाल हेल्मेट घालून आरशासमोर उभी होती. काच वर केलेली, डोळे हसणारे. इतकी खूश मी तिला बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती. मला पहिल्यांदा तेच खटकलं.

तोवर अण्णांनी दोन्ही जुने टायर उतरवले. पुढच्या चाकाच्या मापाचा टायर पुण्याहून दुसऱ्या दिवशी पार्सलने येणार होता.

"चाकं हितंच ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "उद्या संध्याकाळी बसवून देतो."

चाकं इथं ठेवायची? ती परदेशी बनावटीची चाकं. तसलीच एखादी चीर गेलेली जोडी याच्या माळ्यावर असेल, तर रातोरात अदलाबदल करायला कितीसा वेळ लागतो? बाहेरून रंग तोच, माप तेच. मृणाल हेल्मेट घालून राजाक्काशी बोलत होती आणि अण्णा कॉम्प्रेसर बघायला मागे गेले होते. कामाच्या टेबलावर करवतीच्या पात्याचा एक तुकडा पडला होता.

मी तो उचलला. खूण बाहेरून केली तर कुणालाही दिसली असती. म्हणून मी चाकाच्या कडेला, आतल्या अंगाने, पातं दोनदा जोर लावून ओढलं. अॅल्युमिनियम मऊ असतं, दोन शेजारी शेजारी रेघा छान खोल उठल्या. टायर चढला की त्या झाकून जाणार, चोराला पत्ता लागणार नाही. मागच्या चाकालाही तशाच दोन केल्या. मग पातं जागेवर ठेवून मी हात रुमालाला पुसले. मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून सुटून मी तडक दुकानात गेलो. टायर चढवण्याआधी चाकं तपासायची होती. तर टायर चढलेले, चाकं गाडीला लागलेली, गाडी पुसून उभी. मी चाकाभोवती दोन फेऱ्या मारल्या. खूण अशा जागी केली होती की ती आता मलाही दिसायची नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण तेव्हा ते मला स्वतःला लावून घ्यावंसं वाटलं नाही.

ही सोमवारची गोष्ट. शनिवारी पहाटे मृणाल निघणार होती.

मंगळवारी सकाळी मी हवेचा मीटर लावला. पुढच्या चाकात एकोणतीस हवा भरली होती, ती चोवीसवर आली होती. मी भरली. बुधवारी बावीस. मागचं चाक ठणठणीत. मी मृणालला काही सांगितलं नाही. पुरावा पुरता जमल्याशिवाय बोलायचं नाही, हा स्टोअरमधला नियम. मी रोज तिच्या आधी उठून हवा भरायचो आणि आकडा लक्षात ठेवायचो. माझ्या मनात आता शंका उरली नव्हती. पुढचं चाक बदललं होतं, चिरलेलं चाक माझ्या माथी मारलं होतं.

गुरुवारी मृणाल सामान लादून सरावासाठी गगनबावड्याकडे जाऊन आली. संध्याकाळी परतली तेव्हा गप्प होती.

"कशी चालली?"

"चांगली," ती म्हणाली आणि सरळ आंघोळीला गेली.

तिचं गप्प राहणंही मला खटकलं. वाटेत कुणी भेटलं असेल का, असा विचार मनात आला, हे मी लाज सोडून सांगतो.

शुक्रवारी सकाळी मीटर एकोणीस म्हणाला. त्या दिवशी मी रजा टाकली, हवा भरली आणि मृणालला म्हणालो, "गाडी काढ. उद्यमनगरला जायचंय. कारण तिथं सांगतो." ती गाडीवर पुढे, मी स्कूटरवर मागे.

दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. बरंच झालं, साक्षीदार झाले, असं मला वाटलं.

"अण्णा, माझं पुढचं चाक कुठाय?"

अण्णांनी फडक्याला हात पुसले. "तुमच्या गाडीला हाय की."

"हे माझं नाही. रोज हवा उतरतेय. माझ्या चाकाला मी आतून खूण केली होती. टायर उतरवा. खूण नसली तर मी इथून सरळ पोलिसांत जाणार."

राजाक्का काउंटरच्या मागून बाहेर आली. गिऱ्हाइकं जवळ सरकली. अण्णा माझ्याकडे बघत राहिले. चोरी पकडल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो ते मी चार वेळा पाहिलं होतं. हा चेहरा तसा नव्हता. त्यांना माझी काळजी वाटत असावी, असा होता.

"साहेब," ते हळू म्हणाले, "वहिनींना आत जाऊन च्या घेऊ द्या. आपन दोघं बघू."

"नाही. तिच्यासमोरच उतरवा."

"बघा बरं का."

"उतरवा म्हणतो ना."

त्यांनी पुढचं चाक सोडवलं आणि पाण्याच्या टाकीत आडवं बुडवून हळूहळू फिरवलं. एका जागी, टायर आणि चाक जिथं भेटतात तिथून, बुडबुड्यांची बारीक माळ वर आली. अण्णांनी तिथं खडूने गोल केला. मग मशिनवर घेऊन टायर उतरवला आणि खडूच्या गोलातली कड माझ्यासमोर धरली.

शेजारी शेजारी दोन खोल रेघा होत्या.

"हीच खूण न्हवं?"

खरं सांगतो, पहिला क्षणभर मला आनंद झाला. सापडली! चाक माझंच होतं, मी फसलो नव्हतो. मग माझं लक्ष रेघांभोवतीच्या त्या खडूच्या गोलाकडे गेलं.

"हवा इथून जात होती?" मृणालने विचारलं. ती माझ्याशी बोलत नव्हती.

"व्हय, वहिनी. ह्या गाडीला ट्यूब नसती. ही कड टायरला घट्ट धरती म्हणून हवा ऱ्हाती. कडेला चीर पडली की हवेला वाट झाली."

मृणालने जॅकेटच्या खिशातून उजवा हातमोजा काढला आणि टेबलावर ठेवला. तळव्यावरचं काळं कातडं घासून पांढरं पडलं होतं.

"काल भुईबावडा घाटात उतारावर वळताना पुढचं चाक सरकलं," ती म्हणाली. "मी पडले. गाडी कठड्याच्या हातभर अलीकडे थांबली. मला वाटलं, मलाच चालवता येत नाही."

"तू मला बोलली नाहीस," मी म्हणालो.

"तुम्हीही मला हवेचं बोलला नाहीत."

मग अण्णाच बोलले, आणि ते त्यांनी मला वाचवण्यासाठी केलं, याबद्दल मला आजही शंका नाही.

"वहिनी, ह्यात माझी चूक हाय. मागच्या चाकालाबी असल्याच रेघा हुत्या. त्या मला दिसल्या, मी कानस मारून, पॉलिश करून बुजवल्या. कुणाच्या हातच्या ते कळलं मला. पर तुमच्यापुढं कशाला बोला, म्हणून गप बसलो. एक सापडल्यावर दुसरं चाक नीट बघायला पायजे हुतं. मला वाटलं, कुनी झालं तरी दोन्ही चाकांना असलं करनार न्हाई."

एक गिऱ्हाईक फिसकन हसलं. राजाक्काने त्याच्याकडे असं पाहिलं की ते बाहेर जाऊन उभं राहिलं. मी भिंतीजवळच्या बाकावर बसलो. मला फार लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. घाट, वळण, कठडा आणि हातभर अंतर, एवढंच डोळ्यांपुढे येत होतं.

तासभर लागला. अण्णांनी बारीक कानशीने कड साफ केली, पॉलिश पेपर मारला, सीलर लावून वाळू दिलं, टायर चढवला आणि चाक पुन्हा पाण्यात धरलं. एकही बुडबुडा आला नाही. मृणाल सगळा वेळ त्यांच्या शेजारी उभी होती. राजाक्काने नवे हातमोजे आणून दिले आणि तिच्या जॅकेटचं कोपर, खांदे परत एकदा चाचपून पाहिले.

"रोज सकाळी, चाक गार असताना हवा बघायची," अण्णा तिला सांगत होते. "पुढं एकोनतीस, मागं सामानासकट छत्तीस. आनि मला फोन करून आकडा सांगायचा. एक जरी कमी झाला तरी मी म्हनेन तिथं थांबायचं."

"करीन," मृणाल म्हणाली. मग माझ्यापुढे हात केला. "तो मीटर द्या."

मी खिशातून काढून दिला.

घरी आल्यावर मी तिला म्हणालो, "चुकलो मी." ती बॅगेत कपडे भरत होती.

"माहीत आहे."

"चोर पकडायचा म्हणून केलं गं. तुझ्याच गाडीसाठी."

तिने घडी घातलेला स्वेटर तसाच मांडीवर ठेवला. "माझ्या कपाटाच्या दाराला तुम्ही केस चिकटवून ठेवता. पर्सच्या चेनला दोरा. फोन पालथा ठेवला तर किती तिरका होता ते बघून ठेवता. बारा वर्षं मी तो केस परत होता तसा लावतेय. कशाला, तर तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. तिथं मी कुठला चोर आहे?"

तिने उघडं केलेलं ते कपाट, त्यातल्या साड्या, शाळेच्या वह्या, यांच्याकडे मला बघवेना.

"परत येशील ना?" मी विचारलं.

"बघू," ती म्हणाली आणि स्वेटर बॅगेत ठेवला.

शनिवारी उजाडताना ती निघाली. गाडीला हात लावायची माझी हिंमत झाली नाही. मी फाटक उघडलं आणि ती गेल्यावर लावून घेतलं.

रोज संध्याकाळी तिचा मेसेज यायचा. 'पोचले.' एवढंच. कुठे, कशी, काही नाही. मी लांबलचक लिहून पाठवायचो, त्याला उत्तर यायचं नाही. मंगळवारी सकाळी कारखान्यात जाण्याआधी मी अण्णांची माफी मागायला दुकानात गेलो. त्यांनी ती मागू दिली नाही, चहा पाजला. मी पेला खाली ठेवतोय तोच त्यांचा फोन वाजला.

"हां वहिनी. पुढं एकोनतीस. मागं छत्तीस. बेस. कुठं पोचला? जयपूर? ऊन लई असंल. पानी पीत चला."

मग मी रोज जायला लागलो. सकाळी साडेसातला त्या बाकावर बसायचो. माझी बायको कुठे आहे, तिने काय खाल्लं, पाऊस लागला का, हे मला ज्या माणसाला मी चोर ठरवलं होतं त्याच्या तोंडून कळायचं. अण्णा मुद्दाम प्रत्येक उत्तर मोठ्याने परत बोलायचे. "अंबाला सोडलं? बरं." "मनालीला थंडी हाय? आसू दे." फोन ठेवल्यावर ते मला कधी काही सांगायचे नाहीत आणि मी विचारायचो नाही. राजाक्का चहा ठेवून जायची.

नवव्या दिवशी मृणाल स्पितीतल्या काझाला पोचली होती. अण्णांनी आकडे ऐकले, रस्ता विचारला आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, साहेब हितंच बसल्यात. रोज येत्यात. देऊ का त्यांच्याकडं?"

मी उभा राहिलो. त्यांनी फोन कानाला घट्ट धरला होता. आतून मृणालचा आवाज येत होता, पण शब्द कळत नव्हते. ती बराच वेळ बोलली. अण्णा नुसते ऐकत होते. मग त्यांनी फोन कानापासून काढला आणि छातीशी धरला.

"रेंज गेली, साहेब," ते म्हणाले.

त्यांच्या बोटांमधून फोनचा उजळलेला पडदा मला दिसत होता आणि त्यावर कॉलचे सेकंद अजून पळत होते.

"डोंगर आहेत तिकडे," मी म्हणालो. "रेंज जायचीच."